इथं माणूस हाय

गुरुनाथअप्पा बिरादारांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' यायचं नाही, 'शरणार्थ' यायचं, म्हणजे लिंगायतांचा नमस्कार. मग फोन प्राचार्यांचा असो, गॅसवाल्याचा असो, नाहीतर परदेशातून आलेला असो. अमेरिकेतल्या एका पोराला बरेच दिवस वाटत होतं की शरणार्थ हेच यांचं आडनाव, आणि तो बिचारा 'मिस्टर शरणार्थ' असं लिहून पत्रं पाठवायचा. अप्पांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. "वाईट का हाय बाई? बापानं दिलेल्या आडनावापेक्षा चांगलं दिलंय की पोरानं," म्हणायचे.

अप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. फोनमधला त्यांचा नंबर मी अजून पुसलेला नाही. लावत नाही, पण पुसतही नाही.

लातूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात ते कॉम्प्युटर शिकवायचे आणि मी मराठी. तंत्रनिकेतनात मराठी शिकवणारी बाई म्हणजे लग्नघरातली लांबची आत्या. मान सगळे देतात, काम कोणी सांगत नाही. मला काम सांगणारा पहिला माणूस अप्पा. मूळचे उदगीरचे, घर भुसार आडतीचं. भाऊ मोंढ्यात बसले आणि हे कॉम्प्युटरपुढे. कपाळावरची विभूती दुपारपर्यंत घामानं पुसून जायची. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. उघड्या कॉम्प्युटरवर वाकले की ती पुढे लोंबायची, म्हणून ते आधी ती शर्टाच्या खिशात सरकवायचे आणि मगच पेचकस हातात घ्यायचे. नजीरभाई त्यांना चिडवायचे, "अप्पा, सांभाळा, मदरबोर्डावर देव पडंल." अप्पा म्हणायचे, "पडू दे, तसंच चालू झालं तर बरंच की."

हे नजीरभाई नांदेडचे. इतवाऱ्यात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडील आणि आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, तोच गल्ला, तीच डोळ्याला लावायची भिंगं. माझं माहेर नांदेडचं, त्यामुळे दुकान मला लहानपणापासून ठाऊक. पण अप्पांची आणि त्यांची गाठ कशी पडली ते मला नीट माहीत नाही. दोघांना विचारलं की दोघं वेगवेगळं सांगायचे आणि दोघंही दुसऱ्याला खोटं पाडायचे.

या दोघांनी मिळून 'ओटा' सुरू केला. ओटा म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ती मूळ व्यवस्था, ऑपरेटिंग सिस्टीम. बाजारात अशा सिस्टीम विकत मिळतात. ही फुकट, आणि नुसती फुकट नव्हे, उघडी. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, घरी न्यावं, शेजाऱ्याला द्यावं. जगभरच्या हौशी लोकांनी आधीच रचलेल्या जोत्यावर यांनी आपल्याकडच्या शाळांसाठी हा ओटा बांधला. बांधणारे सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करणारे. कोणी कोल्हापूरचा, कोणी बंगळूरचा, आणि तो अमेरिकेतला पोरगा. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळे इंटरनेटवर एकत्र बसत आणि कामं वाटून घेत. पगार कुणालाच नाही. नाव अप्पांनीच ठेवलं होतं, कारण ओट्यावर बसायला कुणी कुणाला विचारत नाही.

त्यातही नजीरभाईंचा जीव 'बारक्या ओट्या'त. बँका आणि कचेऱ्या जे जुने कॉम्प्युटर भंगारात काढतात त्यांच्यावर नवीन सिस्टीम चालत नाहीत. नजीरभाईंनी खास त्या म्हाताऱ्या मशिनींसाठी हलकी आवृत्ती तयार केली, तो बारका ओटा. बिलोली आणि धर्माबादकडच्या कितीतरी खेड्यांतल्या शाळांत असे दान आलेले कॉम्प्युटर होते आणि ते केवळ नजीरभाईंच्या करामतीनं चालत होते. पुढं जे काही बिघडलं, तुटलं, ते सगळं या बारक्या ओट्यावरून.

माझं काम शब्दांचं. कॉम्प्युटर चालू करताना, बंद करताना पडद्यावर जी वाक्यं येतात ती मराठीत काय असावीत ते मी सांगायचं. मी पहिल्याच दिवशी 'आपले स्वागत आहे' असं लिहून नेलं. अप्पांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, तुमच्या घरी कुणी आलं तर तुम्ही असं म्हणता?"

"नाही."

"मग काय म्हणता?"

"या, बसा."

"मग तेच लिहा की ओ. पोरगं खेड्यातलं हाय, मशीन बघूनच बिचकलेलं. त्याला कशाला स्वागत? त्याला बसा म्हणा."

म्हणून ओटा सुरू झाला की पडद्यावर 'या, बसा' यायचं आणि बंद करताना 'येत जा'. मात्र 'हो' या बटणावरून आमचं जुंपलं. अप्पांना तिथं 'हाव' पाहिजे होतं. आमच्याकडे होकार म्हणजे हाव. मी म्हटलं, "अप्पा, पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. तिकडचा माणूस वाचेल तर म्हणेल, ही मशीन हावरट आहे." अप्पा इतके हसले की खिशातली पेटी बाहेर आली. बटणावर 'हो' राहिलं. पण तेव्हापासून मी काही विचारलं की ते मुद्दाम माझ्याकडे बघून, लांबवून 'हाऽव' म्हणायचे.

अप्पांचं सगळं शहाणपण पंगतीतून आलेलं होतं. उदगीरजवळ त्यांच्या मठात दासोह चालतो, म्हणजे येईल त्याला जेवण. कोण, कुठला, कुठल्या जातीचा, काही विचारायचं नाही. अप्पा लहानपणापासून तिथं वाढायला असत, आणि नोकरीत मोठे झाल्यावरही यात्रेत रजा काढून बादली घेऊन धावत. त्यांचं एक वाक्य होतं, "पंगतीला तोंड नसतंय." वाढणाऱ्यानं खाली पत्रावळ बघावी, वर तोंड बघू नये, असा त्याचा अर्थ. वर्गात ढ पोरगा आणि हुशार पोरगा यांना ते याच हिशेबानं शिकवायचे. एका यात्रेत ते नजीरभाईंना आणि मला घेऊन गेले. नजीरभाईंनी हुग्गी, म्हणजे गहू-गुळाची ती खीर, परत परत मागून घेतली. उठताना म्हणाले, "अप्पा, इसके वास्ते तर मी रोज नांदेडहून येतो." पंगतीत शेवटचा माणूस जेवेपर्यंत कुणी उठत नसतं, आणि त्या दिवशी सगळी रांग नजीरभाईंसाठी हसत बसली होती.

आणि मग कंपनी आली.

पुण्याची कंपनी. दवाखान्यांना आणि पतसंस्थांना कॉम्प्युटर बसवून द्यायचं तिचं काम. ओटा त्यांना आवडला. फुकट होता म्हणून आवडला असं नजीरभाई म्हणायचे, चांगला होता म्हणून आवडला असं अप्पा म्हणायचे, आणि मला वाटतं दोन्ही खरं होतं. त्यांच्याकडून देवयानी नावाची एक मुलगी लातूरला आली. नीटनेटकी, गोड बोलणारी, आणि मी मुद्दाम सांगते, मनानं चांगली. तिनं मोकळेपणानं सांगितलं, की आम्हाला ओटा वापरायचाच आहे, पण दवाखान्यात मशीन मध्येच अडून चालत नाही. तेव्हा वरचेवर बदल नकोत, प्रत्येक गोष्ट तपासून मिळावी, आणि काय सुधारायचं ते ठरवताना आमच्या ग्राहकांच्या गरजाही धराव्यात.

ती गेल्यावर प्रयोगशाळेत दोघांची जी चर्चा झाली ती मला जवळजवळ शब्दन् शब्द आठवते, कारण दोघांचंही मला पटत होतं.

"वापरू द्या ना," नजीरभाई म्हणाले. "घ्यायला कोण मना केलं? उघडंच आहे. पण त्यांच्या चवीनं सैपाक नक्को."

"पाहुण्याला विचारावं लागतंय की, तिखट चालतंय का म्हणून."

"मेहमान एक दिवसाचा असतो अप्पा. ही रोज जेवणार, रोज सांगणार, तिखट कमी करा."

"आपणच लिहून ठेवलंय, कुणीबी घ्यावं. कुणीबी म्हणजे कुणीबी. गरीब आला तर वाढायचं आणि मोटारीतनं उतरला तर ताट झाकायचं? हे मला न्हाई जमायचं. दवाखान्यात बी गरीबच पडलेला असतो, नजीर."

"मी ताट झाका म्हणलो का? पंगतीत बसू द्या. मुदपाकखान्यात नक्को. इतकंच बोलून राहिलो मी."

अप्पांनी देवयानीला फोन केला. म्हणाले, या, पण एक रीत आहे आमच्याकडे. आज जेवलेल्यानं उद्या वाढायला यायचं. तिकडून लगेच कबूल झालं. कंपनी पगार देऊन माणसं बसवणार आणि ती माणसं ओट्याचं काम करणार. अप्पांना कोण आनंद झाला! मिठाईचा डबा घेऊन ते नांदेडला गेले. नजीरभाईंनी एक पेढा खाल्ला आणि डबा बंद करून म्हणाले, "अप्पा, तुम्ही हाव म्हणून टाकलात. त्याचे दोन मतलब होतात, मॅडमना विचारा."

कंपनीची माणसं कामाची होती. खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षं रेंगाळलेल्या चुका त्यांनी भराभर काढल्या. ओटा जास्त सुरक्षित झाला, देखणा झाला. पण रविवारची बैठक त्यांना जमेना, कारण रविवार त्यांचा सुट्टीचा. हौशी माणसाला फक्त रविवार मोकळा आणि पगारी माणसाला तेवढाच एक बंद. शेवटी बैठक मंगळवारी सकाळी ठरली. मंगळवारी सकाळी अप्पांचे तास आणि नजीरभाईंच्या गल्ल्यावर गिऱ्हाईक. नजीरभाई कानात इअरफोनचं बोंडूक घालून एका हातानं कुणाची तरी मशीन उघडायचे. त्यांना बोलायचं सुचेपर्यंत पलीकडे विषय बदललेला असायचा, आणि बोलणंही एव्हाना इंग्रजीत गेलं होतं. कोल्हापूरचा गळाला. अमेरिकेतल्या पोराला मूल झालं आणि तोही दिसेनासा झाला. कुणी भांडून गेलं नाही. ओट्यावर बसायला जागाच उरली नाही की माणसं आपली आपण घरी जातात, तसं झालं.

'या, बसा'ही गेलं. ग्राहकांना ते फार घरगुती वाटतं असा निरोप आला. माझं डोकं फिरलं. मी अप्पांना म्हटलं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत? अप्पा म्हणाले, "बाई, शब्द तुमचा हाय का माझा? दिला की दिला." बारक्या ओट्यावर तेवढं ते राहिलं, कारण तिकडे कंपनीचं लक्षच नव्हतं.

लक्ष गेलं ते पुढच्या वर्षी. दर वेळी नवीन काही केलं की ते जुन्या मशिनींवरही चालतंय का हे बघायला फार वेळ मोडतो, आणि त्या मशिनी आमच्या एकाही ग्राहकाकडे नाहीत, असं देवयानीनं मांडलं. बारका ओटा बंद करावा. काम करणाऱ्यांनी मत द्यायचं, अशी रीत पहिल्यापासून अप्पांनीच घातलेली. आणि काम करणारे आता बहुतेक कंपनीचे होते. मला मत नव्हतं, मी शब्दांपुरती. पण अप्पांकडे एक हक्क होता. पहिल्यांदा नियम लिहिताना सगळ्यांनी आग्रहानं त्यांच्या नावावर ठेवलेला. काहीही ठरलं तरी अप्पा 'नको' म्हणाले की ते व्हायचं नाही. तो त्यांनी कधी वापरला नव्हता.

मत घ्यायच्या आदल्या दिवशी नजीरभाई स्वतः लातूरला आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "अप्पा, आजवर तुमच्याकडं काई मागलो नाही. एकदा नक्को म्हणा."

अप्पा पेटीशी चाळा करत म्हणाले, "एकदा माझ्या शब्दावर थांबलं की मग ते माझं होतंय, नजीर. दासोहात माझं म्हणून काही नसतंय. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर वाढप्यानं मधी पडू नये."

"सगळे म्हणजे कोण, बघा तरी एकदा."

"तोंड बघायचं नसतंय."

नजीरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो मॅडम." दारापर्यंत गेले, परत आले, टेबलावरचा आपला पेचकस उचलला आणि गेले.

बारका ओटा बंद झाला. नजीरभाई पुन्हा बैठकीला दिसले नाहीत. अप्पांच्या फोनला ते उत्तर द्यायचे, सलाम-दुआ करायचे, तब्येत विचारायचे. ओट्याचं नाव निघालं की गिऱ्हाईक आलंय म्हणायचे.

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर बिलोलीकडच्या एका शाळेतून अप्पांना फोन आला. ते मला म्हणाले, चला बाई, रस्ता तुमच्या माहेरचा हाय. आम्ही गेलो. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी खोली उघडली. ओळीनं कॉम्प्युटर, दसऱ्याला पूजा केलेले, पडद्यांच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच, झेंडूची फुलं वाळलेली. एकही चालू होत नव्हता. पडदा काळा आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहायची. झालं होतं ते साधंच होतं. नवीन ओटा निघाला की मशिनीवर सूचना येते, ती जुन्या मशिनींवर जाऊ नये हे बघायचं काम नजीरभाई करायचे. ते गेल्यावर ते काम आपलं आहे असं कुणालाच वाटलं नाही. सूचना गेली आणि नवा जड ओटा त्या म्हाताऱ्या मशिनींवर बसला.

"सर, मी 'हो' म्हणले ओ," मुख्याध्यापिका रडकुंडीला आल्या होत्या. "तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, नवीन आलंय असं दिसलं की भ्यायचं न्हाई, 'हो' म्हणायचं. सगळ्यांवर मीच 'हो' दाबलं. माझंच काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत."

मग त्यांनी पेटी खिशात सरकवली आणि पहिली मशीन उघडली. संध्याकाळपर्यंत उघडत राहिले. जुना बारका ओटा परत घालून पाहिला, तर त्यावर शाळेला लागणारं काहीच उघडेना. इतक्या महिन्यांत बाहेरचं जग पुढे गेलेलं. तो पुढे आणायला हवा होता, आणि ती विद्या नजीरभाईंच्या बोटांत. अप्पांना ते येत नव्हतं आणि येत नाही असं त्यांनी मला तिथंच सांगितलं. खिडकीतून बघणारी मुलं एकेक करून घरी गेली. पडद्यावर शेवटचं 'या, बसा' मी तिथंच पाहिलं. तेवढं उमटायचं आणि पुढं काही नाही.

तिथून आम्ही सरळ नांदेडला, नजीरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला, कप स्वतःच्या हातानं पुढे केला. अप्पा चहाला शिवले नाहीत. म्हणाले, "नजीर, चुकलं. मी नको म्हणायला पाहिजे होतं. परत ये. कंपनी राहू दे बाजूला, आपण दोघं बारका ओटा वेगळा काढू. पोरं वाट बघून राहिलीत."

नजीरभाई भिंग डोळ्यावरून काढून हातात फिरवत होते. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "अप्पा, कंपनीवर माझा राग नाही. ती आपलं बघितली. तुमच्यावर बी राग नाही. पण जेवत्या माणसाला तुम्ही पंगतीतून उठवलात. उठवलेला माणूस परत बसत नाही, भूक असली तरी."

आमच्याकडे याहून वाईट काही बोलता येत नाही. ज्यानं आयुष्यभर पंगती वाढल्या त्याला तर नाहीच. अप्पा उठले, नजीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले. लातूरपर्यंत एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण शेजारी अप्पा रडत होते.

पुढे ते एकटेच बारक्या ओट्याशी झटत बसले. आपल्याच विद्यार्थ्यांना विचारून शिकले, चुकले, परत शिकले. देवयानीनं एकदोनदा आपणहून मदत पाठवली, तीही प्रामाणिकपणानं. पण तिच्या माणसांना त्या म्हाताऱ्या मशिनींची नाडी कळेना. तेवढ्यात अप्पांचं पोट दुखायला लागलं, आणि दुखणं साधं नाही हे हैदराबादला जाऊन आल्यावर कळलं. बिलोलीकडच्या शाळेनं कॉम्प्युटर भंगारात दिले. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

अप्पा गेले तेव्हा उदगीरला गर्दी मावत नव्हती. आमच्याकडे लिंगायतांना बसवून माती देतात. अप्पांना फुलांच्या खुर्चीतून आणलं, बसवूनच खाली उतरवलं. माझ्या मनात एकदम 'या, बसा' आलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नजीरभाई आले. नांदेडहून मिळेल त्या एसटीनं आलेले, डोक्यावर टोपी, चपला हातात. त्यांनी मूठ मूठ माती दिली, त्यांच्या रीतीनं, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. नंतर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही शेवटचं कधी बघितल्या त्यांना?"

"यात्रेत. मठात."

"मला बोलावले होते. फोन केले होते. मी दुकान आहे म्हणलो." ते थांबले. "कसे होते?"

तेव्हा त्यांना जे सांगितलं, तेच इथं सांगते.

यात्रेच्या दासोहाला अप्पांना बादली उचलवत नव्हती, म्हणून जन्मात पहिल्यांदा ते वाढायच्या ऐवजी पंगतीत बसले होते. शर्ट अंगावर पिशवीसारखा लोंबत होता. मी त्यांच्या समोरच्या रांगेत होते. त्यांच्या शेजारची पत्रावळ मोकळी होती. गर्दी इतकी की लोक उभे होते, आणि एकेक जण येऊन तिथं बसायला वाकायचा. ज्या माणसानं कधी कुणाला बसू नको म्हटलं नाही, तो प्रत्येकाला पत्रावळीवर हात आडवा धरून सांगत होता, "इथं माणूस हाय. येऊन राहिलाय." वाढपी आला, थबकला. अप्पा म्हणाले, "वाढ." त्यानं दोन्ही पत्रावळींवर हुग्गी वाढली, तूप सोडलं. हर हर महादेव झालं. अप्पा घास न घेता दाराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं जेवले. त्यांना गोड आणि तूप दोन्ही बंद होतं, दोन घासांतच कपाळावर घाम आला, तरी त्यांनी आपलं पान संपवलं.

मग त्यांनी शेजारचं पान पुढ्यात ओढलं. दासोहातला घास टाकायचा नसतो. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, अहो, त्यांना सोसायचं नाही. पण त्यांना थांबवायला कोण जाणार? नजीरभाईंच्या वाटणीची ती थंडगार हुग्गी ते एकेक घास, मध्ये दम खात, खाली मान घालून खात राहिले. वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन उभे राहिले. बाहेर पुढची पंगत खोळंबली होती. आमचे सगळ्यांचे हात वाळून गेले होते, आणि अप्पांचं जेवण होईपर्यंत सगळ्या पंगतीतून एकही माणूस उठला नाही.